इतिहासाला आंघोळ

वामननानांनी एकदा माझ्या चालत्याबोलत्या सासूबाईंना दप्तरी दाखल करून घेतलं.

झालं असं, की सासूबाईंच्या वॉकरला नशिराबादच्या एका सायकलवाल्याने ब्रेक बसवून दिला होता. उताराला वॉकर पळायचा आणि मागे सासूबाई. सायकलवाल्याने दोन्ही मुठींना सायकलचे ब्रेक लावले, तारा खाली नेल्या आणि प्रश्न मिटला. त्या दुपारी सासूबाई ओट्यावर वॉकरला टेकून डुलक्या काढत होत्या. नाना फाटकातून आत आले, वॉकर बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. सासूबाईंना उठवायचं कशाला म्हणून त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचं लेबल काढलं, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि दोऱ्याने बांधून गेले. दोरा वॉकरला बांधला, असं नाना आजही सांगतात. मी शाळेतून घरी आलो तेव्हा लेबल सासूबाईंच्या पदराला लोंबत होतं. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘मूळ अवस्थेत मिळाले. पुसू नये. हलवू नये. अजून चालते.’

सासूबाईंनी ते वाचलं. मग आठ दिवस आमच्या घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. नानांशी मात्र सासूबाई बोलत होत्या, कारण ‘अजून चालते’ हे त्यांना आवडलं होतं.

हे नाना जळगावात आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. धुळ्याकडच्या एका खेड्यातले. आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, बागेत हास्यक्लब काढतात, नाहीतर सोसायटीचे चेअरमन होऊन इतरांच्या आयुष्यातलं हास्य संपवतात. नानांनी घराच्या वरच्या मजल्यावर ‘खान्देश शोध अभिलेखागार’ काढलं. तशी पाटी स्वतः रंगवून गॅलरीला टांगली. शोध म्हणजे यंत्रांचे, अवजारांचे, युक्त्यांचे. खान्देशातल्या कुठल्या मिस्त्रीने, लोहाराने, शेतकऱ्याने काय नवं बनवून पाहिलं, ते गोळा करायचं, बनवणाऱ्याची हकिगत मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि दोन्ही जपून ठेवायचं.

पाटीतला ‘अभिलेखागार’ हा शब्द लोकांना झेपला नाही. पहिल्याच आठवड्यात दोन माणसं सातबारा मागायला आली. एक बाई जन्मदाखल्यातलं नाव दुरुस्त करून घ्यायला आली. नानांनी तिला पाणी दिलं आणि तिच्या हातातली पिशवी बघून विचारलं, “हाई कोनी बनाडं?”

हे त्यांचं पालुपद. ‘हे कोणी बनवलं?’ एरवी नाना तुमच्या-माझ्यासारखं बोलतात, पण राग, आनंद किंवा यंत्र यांपैकी काहीही समोर आलं की ते अहिराणीत शिरतात. तुम्ही त्यांना चहा द्या, ते गाळणीची मूठ बघून विचारतील, हाई कोनी बनाडं? बाजारातून आणली, असं उत्तर चालत नाही. “मास्तर, बाजार काही बनवत नाही. बाजार विकतो. बनवणारा येगळा शे.”

मी मास्तर. शाळेत विज्ञान शिकवतो. साधी यंत्रे हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय, की तरफेचे तीन प्रकार मी झोपेत सांगेन. पण घरात कुकरचं झाकण अडकलं की बायको मला नाही, शेजारी नानांना हाक मारते. आमच्या मैत्रीचा पाया हा असा आहे. ते माझं झाकण काढून देतात आणि मी माझी जुनी गाडी घेऊन त्यांना हवं तिथे नेतो.

हवं तिथे म्हणजे कुठेही नाही. जिथे आपण निघालेलो असतो त्याच्या अलीकडे. मागच्या उन्हाळ्यात धुळ्याला माझ्या मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. नाना म्हणाले, मलाही धुळ्यात काम आहे, येतो. पारोळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. पारोळ्याला बाजाराबाहेर नानांनी असा “थांब!” म्हणून आवाज दिला, की मला वाटलं गाडीखाली कोणी आलं. तसं काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला एका माणसाने मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे तण काढायचं कोळपं जोडलेलं होतं. नाना उतरले. त्या माणसाशी बोलले. कोळप्याखाली उताणे झोपले. मग त्याच्या शेतावर ते चालताना बघायला गेले, मला घेऊन, माझ्या झब्ब्यासकट. आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा नवरी सासरी निघाली होती. माझी मावशी म्हणाली, “आला रे बाबा, अक्षता टाकायला नाही, रडायला तरी आलास.” आणि नाना तिला बाजूला घेऊन मांडवाच्या खांबाला लावलेली कळ दाखवत विचारत होते...

काय विचारत होते, ते तुम्हाला कळलंच असेल.

अभिलेखागाराचे नियम कडक आहेत. आलेली वस्तू पुसायची नाही. तेल द्यायचं नाही. गंजली असेल तर गंजासकट ठेवायची, कारण गंज हाही पुरावा. आणि वस्तू चालवायची नाही. चालवली की झिजते, झिजली की खोटी होते. “धूय पुसानी नही” अशी पाटी जिन्यात आहे. वाऱ्याबरोबर ती सगळी धूळ माझ्या घरात येते, कारण गॅलऱ्या शेजारी आहेत. माझी बायको सुनंदा रोज सकाळी केर काढताना मोठ्याने म्हणते, “नानांचा पुरावा आला हो!”

आणि तिथे आहे काय? सगळी फसलेली यंत्रं! केळीच्या खोडाचा दोर वळणारं एक यंत्र आहे, ते दोर वळतं आणि लगेच उलगडतं. दादर ज्वारीचं कणीस कापणारी एक कातर आहे, तिने कापणाऱ्याचा अंगठा आधी सापडतो. मी एकदा वैतागून म्हणालो, “नाना, चालणारं काही ठेवा की एखादं. पाहुण्यांना दाखवायला तरी.”

“चालणारं यंत्र बाजार सांभाळतो, मास्तर. कंपनी सांभाळते. फसलेलं कोण सांभाळणार? त्यापाठी बी कोणी रात्ररात्र बसेल व्हता ना?”

मी शिंकलो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या दसऱ्याची.

धुळ्याला एक इब्राहीम मिस्त्री होते. वारून बरीच वर्षं झाली. त्यांनी मिरचीचे देठ काढायचं यंत्र बनवलं होतं. आपल्याकडे वाळलेल्या लाल मिरचीचे देठ बाया बसून हातांनी खुडतात. दिवसभर. मिस्त्रींनी पत्र्याचं पिंप घेतलं, आत सायकलच्या स्पोकचे दात बसवले, बाहेर शिलाई मशीनचं चाक लावलं. वरून मिरची टाकायची, चाक फिरवायचं, खाली देठ एका बाजूला आणि मिरची एका बाजूला. देठ निघायचे. फक्त मिरचीही तुटायची आणि बी सांडायचं. तुटक्या मिरचीला व्यापारी भाव देईना. मिस्त्री दातांचा कोन बदलत राहिले, मिरची तुटत राहिली, आणि एक दिवस मिस्त्री गेले.

यंत्र त्यांच्या वर्कशॉपमध्ये पडून होतं. त्या वर्षी मुलाने वर्कशॉप विकायचं ठरवलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. नानांना हे कुठून कळलं देव जाणे. त्यांनी मला शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली. आम्ही धुळ्याला गेलो. मिस्त्रींच्या बायको, हमीदाखाला, वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोळे मात्र असे, की मला शाळेतल्या आमच्या मुख्याध्यापिकांची आठवण झाली.

नानांनी यंत्राकडे बघितलं आणि ते खालीच बसले. पिंपाच्या पत्र्यावर खडूच्या रेघाच रेघा होत्या. तिरप्या, अर्धवर्तुळाकार, एकावर एक. दर वेळी कोन बदलला की मिस्त्री पत्र्यावरच खडूने आखायचे आणि जुनी रेघ पुसायचे नाहीत. वरून मिरचीचा खकाणा आणि ग्रीसचा थर बसून त्या रेघा पक्क्या झाल्या होत्या.

“मिस्त्रीनं डोकं शे हाई,” नाना हळूच म्हणाले. “बाहेर मांडेल.” मिस्त्रींचं डोकंच, पत्र्यावर मांडलेलं.

खाला म्हणाल्या, “भाऊ, लेके जाओ. पर अमानत है. जैसी है वैसी रखना. दसरे के बाद मैं आऊंगी देखने. ठीक लगा तो तुम्हारी. नहीं लगा तो भंगारवाले का टेम्पो तो है ही. मेरा लडका रोज पूछता है.”

नाना म्हणाले, “जशी शे तशी.”

हे वाक्य मीही ऐकलं होतं. माझे कान शाबूत आहेत. तरीही पुढे जे झालं ते झालं.

यंत्र जळगावला आणलं, वर चढवलं. चढवताना माझी कंबर धरली, ती वेगळी हकिगत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नाना पुन्हा धुळ्याला गेले, खालांकडून यंत्राची सगळी हकिगत रेकॉर्ड करून घ्यायला. मुक्कामीच जाणार होते. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मशीनकडे लक्ष ठेव.”

आता तुम्हीच सांगा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी या प्रांतात कोणी कोणाला ‘मशीनकडे लक्ष ठेव’ असं सांगितलं, तर त्याचा अर्थ काय होतो? गावात प्रत्येक गिरणी, प्रत्येक लेथ, प्रत्येक रिक्षा धुवून रंगवून लख्ख होते. हळदकुंकू लागतं, झेंडू लागतो. आमच्या घरी सुनंदाने मिक्सर, स्कूटर, इस्त्री, सासूबाईंचा वॉकर, झालंच तर मोबाइलचा चार्जर, असं सगळं पुसून मांडलं होतं. ती म्हणाली, “अहो, ते वरचं बिचारं मशीन तेवढं पारोसं राहील. नाना असते तर त्यांनी केलं नसतं का?”

नाना असते तर त्यांनी केलं नसतं, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. पण त्याच वेळी फाटक रंगवायला पेंटर आलेला होता आणि त्याच्याकडे अर्धा डबा हिरवा ऑइलपेंट उरला होता. अर्धा डबा रंग उरलेला मध्यमवर्गीय माणूस किती धोकादायक असतो, याचा अभ्यास कोणीतरी करायला हवा.

मी आणि पेंटर वर गेलो. आम्ही मन लावून काम केलं. सोड्याच्या गरम पाण्याने पिंप धुतलं. ग्रीस निघेना म्हणून थिनर लावलं. तरी काही रेघा दिसत होत्या, त्या मी स्वतः, माझ्या या हातांनी, तारेच्या ब्रशने घासून काढल्या. रेघांचं मला काहीच कसं वाटलं नाही? वाटलं ना. मला वाटलं, केवढा मळ साचलाय! मग हिरव्या रंगाचे दोन हात दिले. चाकाला शेंदरी पट्टा पेंटरने आपल्या मनाने मारून दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. सुनंदाने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. यंत्र असं दिसत होतं, की आता चौघडा वाजवला की बोहल्यावर चढेल.

मी त्याचा फोटो काढला. आणि नानांना पाठवला. खाली लिहिलं, ‘नाना, तुमच्या गैरहजेरीत काळजी घेतली. शुभ दसरा.’ दोन हात जोडलेले आणि तीन फुलं.

उलट निरोप आला, “हात लावू नको.”

मी सुनंदाला म्हणालो, “रंग ओला आहे म्हणून म्हणत असतील.”

नाना दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले. मी फाटकातच उभा होतो, शाबासकी घ्यायला. ते माझ्याकडे न बघता वर गेले. मी मागोमाग गेलो. नाना यंत्रासमोर उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मास्तर,” ते म्हणाले, “तू इतिहासले आंघोय घाली दिधी.”

“नाना, पण तुम्हीच म्हणालात लक्ष ठेव...”

“लक्ष ठेव म्हनं व्हतं. रंग ठेव नही म्हनं.”

“काढू ना आपण रंग! त्यात काय? पेंटर म्हणतो, रिमूव्हर मिळतो.”

“आन् खालना खडू? तो बी रिमूव्हरमा मिळस का?”

नानांनी तरीही प्रयत्न केला. रिमूव्हर आणला, कापसाच्या बोळ्याने एका कोपऱ्यात नखाएवढी जागा उघडली. खाली पत्रा होता. स्वच्छ, चकाकणारा, निष्पाप पत्रा. मी घासण्यात कसूर केलेली नव्हती. शाळेत इतकं मन लावून शिकवलं असतं तर माझे विद्यार्थी आज कुठल्या कुठे असते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नाना भांडले नाहीत, पण त्यांनी माझ्या हिरव्या फाटकाला लेबल बांधलं : ‘पुरावा. याच डब्यातला.’ मी काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुकरचं झाकण अडकलं तेव्हा सुनंदाने भिंतीवरून हाक मारली, नाना आले, झाकण काढून दिलं आणि माझ्याकडे पाठ करूनच गेले. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, एक सांगू? तुम्ही चांगलं करायला जाऊ नका. तुम्हाला ते जमत नाही.”

मलाही राग येत होता, खोटं कशाला सांगू? एक भंगारात जाणारं डबडं, त्याला रंग दिला तर काय मोठं पाप झालं? लोक देवांनासुद्धा दरवर्षी रंग देतात. पण खाला येणार होत्या. त्यांना ‘जशी शे तशी’ असा शब्द दिला होता, आणि तो मी नाही, नानांनी दिला होता. शब्द मोडला म्हणून त्या यंत्र घेऊन गेल्या, तर ते थेट भंगारात जाणार होतं. नाना रात्री जागे असायचे, भिंतीपलीकडून येरझाऱ्या ऐकू यायच्या. मला वाटलं, येऊ नयेत खाला. ताप यावा. जास्त नको, थोडा.

खाला आल्या. एकट्याच. बसस्टँडवरून रिक्षाने आल्या आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, “पहले मशीन.”

आम्ही वर गेलो. पुढे खाला, मागे नाना, त्यांच्यामागे मी आणि सुनंदा. खाला दारात थांबल्या. हिरवं पिंप, शेंदरी पट्टा, स्वस्तिक, सुकलेली माळ. मग पुढे गेल्या आणि पत्र्यावरून बोट फिरवलं, जिथे रेघा होत्या तिथून.

“ये किसने किया?”

मी घसा खाकरला. तेवढ्यात नाना म्हणाले, “मी.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने गाळणीच्या मुठीपासून मांडवाच्या कळीपर्यंत आयुष्यभर ‘कोणी बनवलं’ याशिवाय दुसरं काही विचारलं नाही, लेबलवरच्या एका नावाची चूक झाली म्हणून पुन्हा पारोळ्याला जाऊन दुरुस्ती करून आला, तो माणूस सरळ खोटं बोलत होता. माझ्यासाठी. मान खाली घालून.

“मीच करं, खाला. चूक व्हयनी.”

“नाही हो!” मी पुढे झालो. “मी केलं! नानांनी नाही. ते धुळ्यालाच होते, तुमच्याकडेच. माझ्याकडे रंग उरला होता.”

“रंग उरला था?” खाला म्हणाल्या.

“अर्धा डबा.”

“स्वस्तिक मी काढलं,” सुनंदा म्हणाली. आमच्या घरात जबाबदारी वाटून घ्यायची पद्धत आहे.

खाला आमच्या तिघांकडे बघत राहिल्या. “मास्टर है ना तू? पोरांना शिकवतो? अरे, उनके हाथ की लकीरें थीं वो. इत्ते साल में मैंने कपडा नहीं लगाया उसको. और तू घिस के आया?” मग नानांकडे वळल्या. “और तुम! बुढ़ापे में झूठ! किसके लिए, इस मास्टर के लिए?”

नाना म्हणाले, “शेजारी शे.”

एवढंच. खालांनी पदर सावरला. मला वाटलं, आता त्या मुलाला फोन लावणार आणि टेम्पो बोलावणार. नानांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी पिंपाच्या कडेवर हात ठेवला, लहान मूल कोणी नेऊ नये म्हणून ठेवतात तसा.

“मिरची है घर में?” खालांनी सुनंदाला विचारलं.

“आहे की. वर्षाची भरलीय.”

“ला. मैं देखूंगी ये वही है कि नहीं. रंग से तो पहचान में नहीं आती.”

नानांचा चेहरा पडला. अभिलेखागारातली वस्तू चालवायची नाही. हा नियम त्यांनी एका निवृत्त साहेबासाठीसुद्धा मोडला नव्हता. ते म्हणाले, “खाला, चालवली की झिजस...”

“भाऊ, नहीं चली तो भंगार है. चली तो उनकी है. बोलो.”

नानांनी माळ काढून बाजूला ठेवली. सुनंदाने सूपभर मिरची आणली, आणताना माझ्याकडे असं बघितलं की त्या मिरचीची किंमत मला कळावी. नानांनी ओंजळीने मिरची पिंपात सोडली. खालांनी स्वतः चाक धरलं. ते आधी अडलं, माझा रंग सांध्यात शिरला होता. मग करकर करत फिरू लागलं.

आणि पुढच्या मिनिटाला आम्हा चौघांना ठसका लागला. खकाणा गॅलरीतून बाहेर गेला. खाली कोणीतरी शिंकलं, मग समोरच्या बंगल्यात, मग रस्त्यावर एक स्कूटरवाला थांबून शिंकू लागला. खालून सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापूंनी आता काय केलं?”

चाक थांबलं. खालांनी खाली वाकून बघितलं. एका बाजूला देठ पडले होते. सगळे, व्यवस्थित. दुसऱ्या बाजूला मिरचीचे तुकडे आणि बियांचा सडा.

एक तुकडा उचलून त्यांनी उजेडात धरला. तो मधोमध, तिरका तुटलेला होता. दुसरा उचलला. तोही तसाच.

“वैसीच तोड़ती है,” खाला म्हणाल्या. खोकत होत्या आणि चेहरा मात्र असा झाला होता, की कोणी बऱ्याच दिवसांनी ओळखीचं भेटलं. “बिल्कुल वैसीच. तिरछी. मैं उनको बोलती थी, तुम्हारी मशीन ग़ुस्सेवाली है. वो बोलते, तेरे पे गई है.”

त्या भिंतीला टेकून बसल्या. “मेरे हाथों के लिए बनाई थी. मैं मिरची पे जाती थी ना. घर आके पानी में हाथ डाल के बैठती थी. वो देखते थे. कुछ बोलते नहीं थे. एक दिन पिंप लेके आए.”

सुनंदाने त्यांना पाणी दिलं. खाला ते प्यायल्या आणि नानांना म्हणाल्या, “रखो. तुम्हारे पास रखो. पर साल में एक बार चलाना. मैं आऊंगी.” मग माझ्याकडे बोट. “और इसको दूर रखना.”

जेवून त्या गेल्या. मी त्यांना बसस्टँडवर सोडून परत आलो तेव्हा नाना वरच होते, जमिनीवर बसून मिरचीचे तुकडे गोळा करत होते. मी झाडू घेतला आणि पलीकडून लोटू लागलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाक वाहत होतं. नाना पुसत नव्हते, म्हणून मीही पुसलं नाही.

“नाना,” मी म्हणालो, “खोटं का बोललात?”

ते यंत्राखाली हात घालून बिया काढत राहिले. मग म्हणाले, “मनी माय बी मिरच्या खुडे.”

मी झाडू थांबवला. इतक्या वर्षांत नानांच्या तोंडून आईचं नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

“सांजले घर ये. आम्ही भाऊभयनी पयत जाऊत. पन ती हात लावे नही. हाताला मिरची राहे ना. आमच्या डोळ्यांत जाईल, म्हणून. जेवाले बी बाप घाले. आम्ही लई जवळ गऊत का ती कोपर लावे. असं. कोपरानं सारे, कोपरानंच जवळ घे. गल्लीतल्या बाया म्हणत, काय बाई आहे, पोरांना ढकलते.” नानांनी फटीतून आणखी एक बी काढलं. “आमले वाटे, बठ्ठास्नी माय अशीच ऱ्हास.”

सगळ्यांची आई अशीच असते, असं त्या पोरांना वाटायचं.

नाना गुडघ्यावर हात न टेकता उठले, कारण तळवे लाल झाले होते. मी वाटेतच झाडू घेऊन उभा होतो. त्यांनी हात वर धरले आणि कोपराने माझ्या दंडाला हळूच धक्का देऊन मला बाजूला सारलं.

मी सरकलो. आणि मग पुन्हा त्यांच्या जवळ जाऊन उभा राहिलो.